माफ झालेले पैसे भरताना

बँकेनं माझं क्रेडिट कार्डाचं कर्ज अर्ध्याहून कमी रकमेत मिटवलं, त्या दिवशी मी डोणगावात पाव किलो पेढे वाटले. अर्धा किलो घेणार होतो, पण हलवायाशी भाव जमला नाही.

घासाघीस एवढी एकच कला मला येत होती, आणि ती गावाला मान्य होती. कुणाला बैलजोडी घ्यायची असो, लग्नाचा बस्ता बांधायचा असो की विहिरीवरची मोटर, लोक मला सोबत नेत. मी दुकानात बसायचो, चहा घ्यायचो, किंमत ऐकली की काही न बोलता उठायचो, सावकाश चपला घालायचो आणि पायऱ्या उतरायला लागायचो. शेवटच्या पायरीच्या आत दुकानदार हाक मारायचाच. बायकोला हा प्रकार मुळीच आवडत नसे. तिच्या समोर मी एकदा मेथीच्या जुडीवरून उठलो होतो आणि भाजीवाल्या मावशीनं काही हाक मारली नव्हती. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

त्या काळात मी बियाण्याच्या एका कंपनीचा मेहकर तालुक्यातला माणूस होतो. बीटी कापसाचे ते सुगीचे दिवस होते. कंपनीनं दिलेला हिरवा टी-शर्ट घालून मी गावोगाव फिरायचो. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून शेतकऱ्यांना फोटो दाखवायचो. फोटोत बोंडं नारळाएवढी दिसायची. पहिली काही वर्षं शेतातही बोंडं चांगलीच लागली, त्यामुळे लोकांना वाटायचं की ती मीच लावली, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पगाराशिवाय कमिशन मिळायचं. एकदा विक्रेत्यांच्या मेळाव्यात एका खाजगी बँकेचा टाय घातलेला माणूस आला आणि माझ्या हातात क्रेडिट कार्ड ठेवून गेला. आमच्या गल्लीतलं ते पहिलं कार्ड. ते मी शर्टाच्या वरच्या खिशात, थोडं बाहेर डोकावेल असं ठेवायचो. त्या कार्डावर फ्रीज आणला, मोबाइल आणला आणि अकोल्याहून सोफा आणला. सोफा घराच्या दारातून आत जाईना. दोन दिवस तो अंगणात होता. शेवटी त्याचे पाय कापून आत घेतला, आणि त्यानंतर त्यावर बसलेला पाहुणा जमिनीवर बसल्यासारखाच दिसायचा.

मग गुलाबी बोंडअळी आली. हिरवी अळी बाहेरून दिसायची तरी. ही बोंडाच्या आत राहायची. बाहेरून बोंड टच्च, आणि फोडलं की आत काळपट, किडकी सरकी. पहिल्या वर्षी कंपनीनं सांगितलं, फवारणी वेळेवर झाली नाही. मीही तेच गावोगाव सांगितलं. दुसऱ्या वर्षी शेतात जायला माझे पाय वळेनात. एका वस्तीवर एक बाई बांधावरच भेटल्या. नवरा आजारी, सगळी शेती त्याच पाहायच्या. त्यांनी एक बोंड माझ्या समोर नखानं फोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"भाऊ, हे तुमच्या फोटोत नव्हतं," त्या म्हणाल्या.

रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. मी ते बोंड मुठीत धरून मोटारसायकलपर्यंत आलो आणि टाकायचं कुठं ते कळेना म्हणून खिशात ठेवलं. त्यानंतर त्या वस्तीचा रस्ता मी टाळायला लागलो. एक टाळला, मग दुसरा. शेवटी तालुक्यात मला मोकळेपणानं जाता येईल असा रस्ता फक्त एसटी स्टँडचा उरला. पुढच्या हंगामाआधी कंपनीनं आमच्या भागातली माणसं कमी केली, त्यात मी पहिला.

पगार थांबला, कार्डाची बिलं थांबली नाहीत. एकसष्ट हजारांची खरेदी होती, तिच्यावर व्याज, दंड, उशिराचा आकार असं करत आकडा ब्याण्णव हजारांवर गेला. फोन यायला लागले. एक बाई रोज सकाळी हिंदीत विचारायची, "सर, आज भर रहे हैं ना?" मी आवाज बदलून सांगायचो की ते संग्रामपूरला गेलेत. एकदा ती म्हणाली, "सर, आप महीने भर से संग्रामपूर में हो." मी म्हणालो, "हां." आणि मग लक्षात आलं की हे उत्तर मी माझ्याच आवाजात दिलं.

शेवटी वसुलीचा माणूस घरी आला. मला वाटलं होतं, दांडगा, मिशीवाला, दारात उभं राहून गल्ली गोळा करणारा कुणी असेल. हे गृहस्थ मेहकरचे, पन्नाशीचे, बारीक अंगाचे, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. दारात चपला काढल्या, बायकोला सलाम केला आणि त्या बिनपायाच्या सोफ्यावर बसताना जरासे दचकले. एकेकाळी त्यांच्या वडिलांचं कापसाच्या खरेदीचं काम होतं, ते बसलं, म्हणून ही नोकरी. चहा होईपर्यंत आम्ही कापसावरच बोललो.

मग त्यांनी कागद काढला. मी पवित्रा घेतला.

"ब्याण्णव," ते म्हणाले.

"पंधरा," मी म्हणालो.

ते हसले. "भाऊ, म्या बैल विकून नाई राह्यलो."

तासभर चाललं. मी दोनदा उठून चपला घातल्या. दुसऱ्यांदा बायको आतून म्हणाली, "अवो, घर आपलंच हाये. जाता कुठं?" तरी मी मागं हटलो नाही. वसुलीवाल्यांनी वरच्या साहेबांना तीन वेळा फोन लावला आणि आकडा चाळीस हजारांवर आला. एकरकमी भरले तर बाकीचे बावन्न हजार माफ.

तेव्हा त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि आवाज खाली केला. "भाऊ, एक बात सांगू काय? सेटलमेंट नका करू. म्या दंड कमी कराले लावतो, हप्ते पाडून देतो. हळूहळू पूर्ण भरा. सेटलमेंटचा दाग रिपोर्टवर राहते. पुढं लेकराबाळाच्या वक्ताले आडवा येते."

मी बायकोकडं पाहिलं. डोळ्यांनीच तिला सांगितलं, बघ, आता हा घाबरला. अशी युक्ती मी शंभर दुकानांत पाहिली होती. गिऱ्हाईक जिंकायला लागलं की दुकानदार त्याच्या भल्याचं बोलायला लागतो. मी म्हणालो, "चाळीस. आज हो म्हणा, नाहीतर मी निघालो."

मोटारसायकल विकली, बायकोनं तिनं पाळलेल्या बकऱ्यांच्या पैशातले आठ हजार घातले आणि चाळीस हजार भरले. महिन्याभरानं बँकेचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. मला त्यातला 'सेटल्ड' हा शब्द तेवढा कळला आणि तो मला फार आवडला. सेटल झालेला मुलगा, सेटल झालेलं घर, तसं वाटलं. मी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण स्टँडजवळ मी झेरॉक्सचं दुकान टाकलं, आणि तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे पत्र दाखवायचो. बँकेपुढं कसं बसायचं, पहिला आकडा कुणी बोलायचा, चपला कधी घालायच्या, सगळं शिकवायचो. शेजारच्या शिलाईच्या दुकानातल्या टेलरमास्तरांच्या मोटारसायकलचे हप्ते थकले होते. त्यांनाही मीच सेटलमेंट करायला लावली, आणि त्यांनी खूश होऊन माझ्या पँटची उंची फुकट कमी करून दिली.

पाच-सहा वर्षं अशी मानानं गेली. मग मुलीला नागपूरकडच्या एका कॉलेजात नर्सिंगला जागा मिळाली. आमच्या दोन्ही घरांत नर्सिंगला निघालेली ती पहिली. शैक्षणिक कर्जासाठी मी तिला घेऊन मेहकरच्या बँकेत गेलो. मॅनेजर तिशीच्या मॅडम होत्या, बोलायला चांगल्या. अर्जावर सहकर्जदार म्हणून माझं नाव. त्यांनी कॉम्प्युटरवर माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि एका ओळीवर थांबल्या.

"काका, तुमच्या नावावर एक खातं सेटल्ड दाखवतंय."

"हो ना!" मी म्हणालो. "मीच केलं." आणि पिशवीतून लॅमिनेट केलेलं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

मॅडमनी पत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग मुलीकडं. मी ज्याला पदक समजत होतो त्याचा अर्थ त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितला. सेटल्ड म्हणजे या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेला तोटा सोसावा लागला. पूर्ण फेडलं असतं तर तिथं 'क्लोज्ड' आलं असतं. हा शेरा असेपर्यंत कुठलीही बँक मला सहकर्जदार म्हणून घेताना दहा वेळा विचार करणार.

"म्हणजे मी जिंकलो नव्हतो?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"नाही, काका."

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली होती. डोणगावचा फाटा दिसला तशी तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही हे दुकानात सगळ्याले दाखवत होते ना?"

मी हो म्हणालो. ती परत खिडकीबाहेर पाहायला लागली. मला वाटलं होतं चिडेल. तिनं माझा हात थोपटला, आणि ते चिडण्यापेक्षा वाईट होतं.

शेरा काढायचा ठरवलं. पण वर्षानुवर्षं लोकांना अक्कल वाटलेला माणूस एकदम सरळ रस्त्यानं कसा जाईल? मोबाइलवर एक जाहिरात दिसली, पंधरा दिवसांत रिपोर्ट धुऊन स्वच्छ. फोनवरचा माणूस सात हजार म्हणाला. मी त्याला साडेचारवर आणलं आणि खूश झालो. त्यानं माझ्या नावानं एक तक्रार ऑनलाइन टाकली की हे खातं माझं नाहीच. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की खातं माझंच आहे. माझी सही, माझा फोटो, आणि फोटोत तो हिरवा टी-शर्ट. त्यानंतर त्या माणसाचा फोन बंद.

बायकोला हे सांगावंच लागलं. ती शेंगा फोडत होती. फोडता फोडता म्हणाली, "ज्याचे पैसे हायेत त्याले देऊन टाका ना. त्यात काय एवढं?"

मला हे सुचलंच नव्हतं. माफ करून घेतलेले पैसे परत द्यायचे म्हणजे माझ्या दृष्टीनं विकत घेतलेला बैल विकणाऱ्याला परत नेऊन बांधणं आणि वर त्याला चाराही देणं.

दुसऱ्या दिवशी कार्डाच्या त्या बँकेला फोन लावला. आता फोनवरच्या बाईकडं माझ्यासाठी वेळ नव्हता.

"सर, आपका कुछ बाकी नहीं है."

"है मॅडम. बावन हजार है."

"वो माफ हो गया है, सर."

"मुझे माफी नहीं चाहिए."

तिनं फोन दुसऱ्याकडं दिला, त्यानं तिसऱ्याकडं. चौथ्यानं विचारलं, "आपको लोन चाहिए क्या?" ज्यांना चुकवायला मी महिनाभर संग्रामपुरात राहिलो होतो, ते आता मला चुकवत होते.

मग मी मेहकरला गेलो आणि विचारत विचारत त्या वसुलीवाल्या गृहस्थांना शोधलं. त्यांनी ती नोकरी केव्हाच सोडली होती. बाजारात पंप आणि पाइपांचं छोटं दुकान होतं त्यांचं. मला पाहून लगेच ओळखलं. मी सगळं सांगितलं. माझी खात्री होती की ते म्हणतील, बोललो नव्हतो का. त्यांनी आधी पाणी दिलं.

"चाचा," मी म्हणालो, "तुम्ही तेव्हा खरं सांगत होता."

"हाव. पण तुमी भाव पाडाच्या नशेत होते," ते म्हणाले. "नशा असल्यावर मानूस आयकते काय?"

पुढचं सगळं त्यांनी शिकवलं. फोन करू नका, अर्ज लिहा. अकोल्याच्या मोठ्या ऑफिसात जाऊन हातात द्या, पोच घ्या. अर्जात लिहा की राहिलेली मूळ रक्कम मी भरतो, फक्त व्याज आणि दंड सोडा. आणि खातं क्लोज्ड करून देऊ असं त्यांच्याकडून लेखी मिळाल्याशिवाय एक रुपया भरू नका. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही सोबत चला." ते एका अटीवर तयार झाले. तिथं मी तोंड उघडायचं नाही.

अकोल्याच्या ऑफिसात एक टक्कल पडलेले साहेब होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "माफ झालेले पैसे भरायला आलात?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही बोलावून अर्ज दाखवला. मग म्हणाले, भरायचे तर पूर्ण बावन्न भरा.

माझे पाय आपोआप चपलांकडं वळले. चाचांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"साहेब," चाचा म्हणाले, "ह्या मानसानं बेइमानी नाई केली, येडेपना केला. एकसष्टची खरेदी, चाळीस भरले. मूळ एकवीस राह्यले. ते घ्या, अन् पोरीची वाट मोकळी करा."

वेडेपणा या शब्दावर मी मान हलवून दुजोरा दिला. तेवढंच मला करता आलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी अर्ज ठेवून घेतला. दोन आठवड्यांनी ईमेल आला, एकवीस हजार मान्य. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा मी गप्प बसून केला.

पण या सगळ्यात प्रवेशाची मुदत जवळ आली. पैसे भरून रिपोर्ट बदलायला महिना-दीड महिना लागणार होता. मी मॅडमकडं ईमेल घेऊन गेलो, सोबत बायकोही आली. मॅडम म्हणाल्या, "काका, अजून तुमचा रिपोर्ट तसाच आहे." मग त्यांनी बायकोकडं पाहिलं. "काकू, तुमच्या नावावर कधी काही कर्ज होतं?"

"हाव. बचत गटातून बकऱ्यांसाठी दोनदा घेतलं. फेडलं."

मॅडमनी तिचा रिपोर्ट काढला. स्क्रीन आमच्याकडं वळवली. एकही हप्ता एक दिवससुद्धा उशिरा नव्हता. दोन्ही खात्यांपुढं 'क्लोज्ड'.

"काकू, तुमची पत फार चांगली आहे," मॅडम म्हणाल्या.

बायकोला बहुधा पत हा शब्द नीट कळला नाही. ती म्हणाली, "बकऱ्या चांगल्या होत्या." सहकर्जदाराच्या जागी माझं नाव खोडून तिचं लिहिलं गेलं. मुलीनं पेन तिच्या हातात दिलं. त्या टेबलापाशी खुर्च्या दोनच होत्या, म्हणून मी उठून उभा राहिलो.

माझे एकवीस हजार तरीही भरले. आता त्याची गरज नव्हती, असं मी एकदा बोलून पाहिलं. बायको म्हणाली, "चाचाच्या शब्दाचं काय?" झेरॉक्सच्या धंद्यातून तीन वेळा करून भरले, पोचपावत्या घेतल्या. दोन महिन्यांनी रिपोर्टवर सेटल्डचं क्लोज्ड झालं. पण थकलेल्या महिन्यांची रांग तिथंच होती. मॅडमनी सांगितलं, ती लगेच पुसली जात नाही, वेळ जाऊ द्यावा लागतो.

टेलरमास्तरांना सांगायला मात्र मला चार दिवस लागले. नवीन शिलाई मशीनसाठी त्यांचा अर्ज नुकताच परत आला होता आणि का आला ते त्यांना कळत नव्हतं. मी त्यांच्या दुकानात गेलो, स्टुलावर बसलो आणि सरळ सांगितलं की माझ्यामुळं. त्यांनी मशीन थांबवलं.

"म्हंजे तुमाले काहीच माईत नव्हतं?"

"नाही."

"अन् एवढे दिवस शिकवून राह्यले होते?"

"हो."

त्यांनी शिवीच दिली, चांगली घसघशीत. मला जरा बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यांचा अर्ज मी लिहिला, झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत, आणि चाचांना पुन्हा एकदा अकोल्याला नेलं. मास्तरांचं काम व्हायला चार महिने लागले. तोवर ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत. पुढं बोलायला लागले, पण पँट आता पूर्ण पैसे घेऊन शिवतात.

मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात दुकानातलं झेरॉक्सचं मशीन बंद पडलं. नव्या मशीनसाठी छोटं कर्ज हवं होतं. बँक म्हणाली, तुमचं आता बरं आहे, पण एक जामीनदार लागेल. मी अर्ज घेऊन घरी आलो आणि बायकोपुढं ठेवला. तिनं लगेच सही केली नाही. मशीन केवढ्याचं, दिवसाला किती कागद निघतात, हप्ता किती, लाइट गेली तर काय, असं एकेक विचारत गेली. मी उत्तरं देत गेलो. मध्येच म्हणालो की दुकानदाराला थोडा खाली आणता येईल.

"बिल पक्कं घ्या," ती म्हणाली. "भाव राहू द्या."

मग तिनं चष्मा लावला आणि अर्जाचं पहिलं पान बोट फिरवत वाचायला घेतलं. पानं आठ होती. मी उठून चहा ठेवला.